गणा, ती सूचना मीच लिहिली

गणा,

तू गेलास त्याला परवा दीड महिना झाला. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर वीसपंचवीस जणांनी तुझ्यासाठी हात जोडले. पहिल्याने तुझं नाव गणेश लिहिलं आणि मागच्या सगळ्यांनी तेच ओढलं. गणेशजी फार कामसू होते. गणेशजींच्या आत्म्याला शांती मिळो. मी फोन हातात धरून बसलो होतो. 'गणेश नाही, गणपत' एवढंच लिहायचं होतं. गणपत तावडे, गिरणीतला विणकर, साचेखातं, दुसरी पाळी. पण ते लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, अनंतराव, तुम्हांला कसं ठाऊक? मीही दोन हात जोडले आणि फोन उलटा ठेवला.

तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोय. नलू विचारते, ओठ का हलतायत तुमचे? मी म्हणतो, स्तोत्र म्हणतोय.

आपली दुसरी भेट आठवते ना तुला? दुसरी म्हणजे तेहेतीस वर्षांनंतरची. मी आणि नलू बडोद्याहून इथे राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. मी रिटायर झालो, पोराने हा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि स्वतः परदेशी निघून गेला. म्हणाला, बाबा, तुम्ही मुंबईचेच ना, राहा आता तिथे आरामात. आपल्या गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय हे मला ऐकून ठाऊक होतं. पण गेटातून गाडी आत शिरली तेव्हा मला काही म्हणजे काही ओळखू आलं नाही. टाइम ऑफिस कुठे होतं, हजेरीची खिडकी कुठे, सगळं पुसून टाकलेलं. तिथे हिरवळ होती, कारंजं होतं आणि काळ्या दगडाची बाकडी.

सकाळी सहाला मी खाली फेऱ्या मारत होतो. निळा युनिफॉर्म घातलेला एक म्हातारा उकिडवा बसून गवत उपटत होता. मी पुढे गेलो तशी मागून हाक आली.

"अन्या? बाळा खोताचो अन्या ना रे तू?"

मी पहिलं काय केलं सांगू? तुला कदाचित कळलंही नसेल. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग तुझ्याकडे आलो. तू मात्र मातीचे हात तसेच पुढे केलेस, मग ते तुझ्या लक्षात आलं आणि पँटीला पुसायला लागलास.

"मेल्या, तू हंय खंय?" तू विचारलंस.

"राहायला आलोय. ए विंग."

तू मान वर करून बघितलंस. पार वरपर्यंत. आणि खरं सांगतो गणा, तुझ्या तोंडावर मला हेवा दिसला असता तर बरं झालं असतं. तू नुसता हसलास. "म्हणजे आपलोच एकजण वर ऱ्हवता तर," म्हणालास.

त्या दिवसापासून रोज सहा ते साडेसहा आपण त्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसायचो. सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी सातला खाली उतरतात. मी साडेसहालाच तुला उठवायचो. "चल, तुझं काम खोळंबेल," असं म्हणायचो. कामाची काळजी मला नव्हती. तू हे ओळखून होतास. चारचौघांत समोर आलो तर तू मला कशानेच हाक मारायचा नाहीस, खाली बघून झाडत राहायचास. मी ते तुझं शहाणपण समजत होतो. आता वाटतं, तू मला सांभाळून घेत होतास.

पण तो अर्धा तास! बडोद्यात मी तीसहून जास्त वर्षं काढली, तिथे घर केलं, बढत्या घेतल्या, पर्सोनेल मॅनेजर होऊन बाहेर पडलो. तरी कुणी मला अन्या म्हटलं नव्हतं. तू मला माझी माणसं परत दिलीस. गिरणीच्या संपानंतर कोण कुठे फेकला गेला ते तूच सांगितलंस. तुझ्या शेजारच्या साच्यावरचा शिवा केळ्याच्या गाडीवर, मास्तरांचा थोरला गावाला जाऊन खुळा झाला, बाबल्या चिंचपोकळीला एका लेथच्या वर्कशॉपात राखण करता करता गेला. स्वतः तू माझगावला गोदीत ओझी वाहिलीस, मग पाठ गेली, मग कुणाकुणाकडे रखवाली, आणि शेवटी एजन्सीमार्फत इथे. सुमन वहिनींनी खानावळ चालवली, डबे केले, पापड लाटले. हे सगळं तू असं सांगायचास, जसं काही दुसऱ्याच कुणाचं ऐकवतोयस.

एकदा तू बाकड्यावरून उठून पावलं मोजत पलीकडच्या झाडापर्यंत गेलास आणि परत आलास. "हंय माजे साचे होते बघ," म्हणालास. "ह्या बाकड्यापासून त्या झाडापर्यंत. कितीदा आठवून बघितलंय. जिना तिकडे होता, म्हणजे खिडकी ही. बरोब्बर हंयच."

मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"वाटून काय करू? झाडूक तर हंयच लागता."

आणखी एक सकाळ. मी तुला विचारलं होतं, "गणा, तू रिटायर कधी होणार?" सहज विचारलं रे.

"रिटायर कशे होतत, माका सांग. कुणीतरी करूक लागता ना? मला गिरणीने काढलं नाही, मी राजीनामा दिला नाही. संप तर कुणी मागे घेतल्याचं मी ऐकलं नाही. म्हणजे मी अजून संपावरच असंय."

आपण दोघेही हसलो. तू जास्त हसलास. मग तुला ठसका लागला आणि तू छातीवर हात धरून बसलास. मी पाणी आणायला हवं होतं. पण साडेसहा होत आले होते.

आपलं भांडण तसंच राहिलं. तू ते मुद्दाम काढायचा नाहीस, पण ते आपल्या मध्ये बाकड्यावर बसलेलं असायचं. संपाच्या सातव्या महिन्यात मी पळालो. ओळखीच्या एकाने बडोद्याला कारखान्यात चिकटवलं. तुला काय सांगून गेलो? मामेबहिणीच्या लग्नाला जातोय, चार दिवसांत येतो. तू माझी वळकटी स्टेशनपर्यंत आणलीस. तुझ्याकडे तेव्हा चपला धड नव्हत्या.

मी म्हणायचो, "गेलो म्हणून वाचलो रे. तू राहून काय मिळवलंस?"

तू म्हणायचास, "मिळवूक नाय. पण तू गेलास ह्याचा राग नव्हता, अन्या. तू सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, जा. तू खोटं सांगितलंस. चार दिवस मी वाट बघितली. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, अहो, वळकटी कोण नेतो लग्नाला?"

ह्यावर मी विषय बदलायचो, पोराचं काहीतरी काढायचो.

आणि त्याच वर्षी माझे बाबा गेले. मी आत काय लिहितोय हे नलूला कळू नये म्हणून दार लोटून घेतलंय, बघ. आमचं लग्न नंतरचं, तिला मी कधी सांगितलंच नाही. तार मला दोन दिवस उशिरा मिळाली, मी पोचलो तेव्हा राख थंड झाली होती. चाळीत मी दारात उभा, आणि तू कोरं धोतर नेसून बाबांच्या जागेवर बसलेला, डोक्याचे केस काढलेले. माझ्या बापाला तू अग्नी दिलास. तुझा स्वतःचा बाप गावाला जिवंत असताना तू माझ्या बापासाठी डोकं भादरून घेतलंस. मला बघून उठलास आणि म्हणालास, "इलंस? बस. चहा घे." मी अकरा दिवस थांबलो, तेराव्याची गाडी पकडली आणि मग तेहेतीस वर्षं तुला एक पत्र लिहिलं नाही.

आता ते सूचनेचं.

ही आमची ज्येष्ठ मंडळी वाईट नाहीत, गणा. हे मी त्यांच्या बाजूने बोलत नाही, जे आहे ते सांगतो. कुणी दिल्लीहून सरकारी नोकरी संपवून आलेले, कुणी मस्कतहून, कुणी पोलादाच्या कारखान्यातून. आयुष्यभर माणसं हाताखाली होती. हजेरी, शिस्त, मेमो. रिटायर झालो, गाव बदललं, आणि एके दिवशी सकाळी उठलो तर हाताखाली कुणीच नाही. आणि वेळ केवढा तरी. मग आमची नजर तुम्हां लोकांवर गेली. वॉचमन खुर्चीवर पेंगतो का, घरकामाच्या बाया कुठल्या लिफ्टने येतात, मासळीवाली गेटातून आत कशी आली, ड्रायव्हर लॉबीत गार हवेला का उभे राहतात. संध्याकाळी बाकड्यांवर बसून आम्ही हेच बोलतो. एप्रिलमध्ये लालबागभर मिरच्या भाजायला आणि मसाले कुटायला लागतात, तर त्या ठसक्याची तक्रार वॉर्ड ऑफिसात करायची असंही ठरलं होतं. दिवाळीला हेच लोक तुम्हांला फराळाचे पुडे वाटतात, जुने स्वेटर देतात, प्रेमाने देतात. आपण ज्या गावात येऊन पडलो ते गाव आधीपासून कुणाचं तरी होतं, हे त्यांच्या मनातच येत नाही. त्यांचं एक वेळ समजू शकतो. माझं कसं समजणार?

आमचे सेक्रेटरी दिघेसाहेब दिल्लीचे. एका सकाळी त्यांना झोप आली नाही म्हणून सहा-वीसला खाली उतरले. तू तुझ्या नातीची गोष्ट सांगत होतास, बाकड्यावर मांडी घालून, चपला खाली. दिघे समोर येऊन उभे राहिले.

"गुड मॉर्निंग अनंतराव. हा इथे कसा काय बसलाय?"

तू उठून उभा राहिलास, चपला पायांत शोधायला लागलास. मला वेळ होता, गणा. दोन श्वासांचा वेळ होता. 'हा माझा मित्र. आम्ही एका चाळीत वाढलो. तुम्ही उभे आहात तिथे ह्याचे साचे होते.' एवढं बोलायला दोन श्वास पुरतात.

मी म्हणालो, "गुडघा दुखतोय म्हणाला. म्हणून म्हटलं, बस जरा."

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. झाडू उचललास आणि पलीकडे गेलास. गुडघा दुखतोय असं मी म्हटलं म्हणून असेल, तू थोडा लंगडत गेलास. माझं खोटं निभावून नेलंस. तो तुझा लंगडा पाय माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

रविवारच्या सभेत दिघ्यांनी विषय घेतला. एक बसला की उद्या सगळे बसतील. मुलं खेळतात, बायका फिरतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. मग दिघे म्हणाले, "सूचना मराठीत हवी, त्यांना वाचता आली पाहिजे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी येत नाही. अनंतराव, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, तुम्हीच लिहा."

मी लिहिली. नोकरीत शेकडो सूचना लिहिल्या होत्या, हात बसलेला. 'सफाई व इतर कर्मचाऱ्यांनी बागेतील बाकांवर बसू नये. विश्रांतीसाठी तळघरात दुसऱ्या पातळीवर जागा ठेवण्यात आली आहे. याची कृपया नोंद घ्यावी.' दिघ्यांना 'सक्त मनाई' हवं होतं. 'कृपया' माझं. ते एक घालून मला वाटलं, तुझ्यासाठी काहीतरी केलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो तर तू बोर्डापुढे उभा होतास. चष्मा नाकावर, बोट काचेवर टेकून एकेक ओळ वाचत होतास. मला बघून म्हणालास,

"अक्षर अजून तसंच आहे रे."

तुझी गावची पत्रं मीच लिहायचो ना. वहिनींना लग्नाआधी पाठवलेलंसुद्धा. माझं अक्षर तू कसं विसरशील? मी म्हणालो, "गणा, कमिटीचं होतं. माझ्या हातात नव्हतं."

"होय तर."

"मी सक्त मनाई काढायला लावलं."

"बरं केलंस." तू चष्मा काढून खिशात ठेवलास. मग म्हणालास, अगदी हळू, "नुसतं सांगितलं असतंस ना, अन्या, तरी मी बसलो नसतो. तू तोंडाने का सांगत नाहीस रे कधी?"

त्यानंतर आपण बोललो नाही असं नाही. 'बरा आहेस ना', 'उकाडा फार आहे', एवढं व्हायचं. सहाचा अर्धा तास गेला. मी सातला इतरांबरोबर उतरायला लागलो.

तळघरातली जागा मी कधी बघितली नव्हती. पंपांच्या खोलीला लागून एक कोपरा. पंखा नाही, पंपांची घरघर सतत, फरशीवर पुठ्ठे पसरलेले. फोन लागत नाही तिथे. हे मला तू गेल्यावर कळलं, कारण तू गेल्यावर मी पहिल्यांदा तिथे उतरलो. सूचना लिहिताना उतरलो असतो तर? नसतो उतरलो. मला माहीत आहे मी कसा आहे.

मे महिना होता. अकराला तू बाग आवरून खाली गेलास. अडीचला एक ड्रायव्हर गाडी काढायला उतरला तेव्हा त्याला तू भिंतीला टेकलेला दिसलास. त्याला वाटलं झोपलायस. डबा न उघडलेला. फोन तुझ्या हातात होता, तू वहिनींचा नंबर लावला होतास, लागला नव्हता. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन तास झाले असतील. कुणी म्हणतं लगेच नेलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. कुणी म्हणतं, वेळेवर कळलं असतं तर. मी दोन्ही ऐकून घेतो. मला एवढंच समजतं, की बाकड्यावर असतास तर कुणीतरी बघितलं असतं. लॉबीतला वॉचमन समोरच बसतो.

त्या वेळी मी वर एसी लावून झोपलो होतो.

पाचला चहा घेऊन खाली उतरलो. मंडळी जमली होती. दिघे म्हणाले, "ऐकलंत का? तो झाडणारा म्हातारा गेला. बेसमेंटमध्ये. बिचारा. पण एका परीने बरं झालं, बागेत नाही झालं. पोरं घाबरली असती."

मी त्याच कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "हो."

गणा, मी 'हो' म्हणालो.

पोलीस येतील, एजन्सी बघून घेईल, आपल्यापैकी कुणी मध्ये पडू नका, असं दिघ्यांनी सांगितलं. मी वर आलो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपली चाळ दिसते, तुला मी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा खाली चाळीच्या गॅलरीत माणसं जमलेली दिसली, मुंग्यांएवढी. तुला बाहेर काढलं, तेवढ्या वरून पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. नलूने विचारलं, "काय बघताय?" मी म्हणालो, "काही नाही, गर्दी आहे कसली तरी." तू माझ्या बापाला अग्नी दिलास आणि मी तुला चौदाव्या मजल्यावरून बघितलं. पायी आठ मिनिटांचा रस्ता आहे.

चौथ्या दिवशी गेलो. चाळीचा जिना दोनदा थांबून चढलो, वयाने म्हणावं तर तू रोज चढायचास. तीच खोली, तोच माळा. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मला बघून पदर सारखा करून उठल्या. मला वाटलं, आता त्या विचारतील. मी तयारी करून गेलो होतो, सगळं सांगायचं, सूचनेसकट.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

मला कळेना.

"रोज सांगायचे हे. आज अन्याकडे वर गेलो होतो, चहा झाला. आज वहिनींनी थालीपीठ केलं होतं. आज त्यांच्या गॅलरीत बसलो, केवढा वारा असतो म्हणे तिथे, समुद्र दिसतो. एवढ्या उन्हाचं काम, पण मी निर्धास्त होते. म्हटलं, भाऊजी आहेत तिथे. दुपारच्या दोन घटका वर पडायला मिळतात यांना. ह्या वयात कोण करतं एवढं?"

तू असं सांगत होतास घरी? सूचना लागल्यावरसुद्धा? त्या पुठ्ठ्यावरून उठून घरी जायचास आणि माझ्या घरचा वारा सांगायचास? समुद्र दिसतो हे तुला कुणी सांगितलं? माझ्या दारात तू एकदाही आला नाहीस. मी तुला एकदाही बोलावलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. वहिनींच्या तोंडाकडे बघितलं. चार दिवसांत त्यांना आधार म्हणून तेवढंच उरलं होतं, की तू शेवटची वर्षं मानाने काढलीस. तेही काढून घेऊ? मी स्वतःला असं समजावलं. खरं कारण नेहमीचंच होतं. मी म्हणालो, "उपकार कसले, वहिनी. गणा माझा भाऊच."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "एक मागू? मुलगी सासरी, तिचंच तिला पुरे झालंय. बसून राहिले तर ही खोली खायला उठते. तिथे यांच्या जागी नाही, पण झाडायपुसायचं काही मिळेल का? तुमचं वजन आहे म्हणायचे."

त्या साठीच्या आहेत, गणा. गुडघे गेलेत. मी नको म्हणायला हवं होतं. पण तुझ्यासाठी ज्याने आयुष्यात एक शब्द टाकला नाही, त्या माझ्याकडून एवढं तरी व्हावं असं मला वाटलं. एजन्सीच्या सुपरवायझरला सांगितलं. लगेच झालं. एक शब्द टाकला की इतक्या लगेच होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

तुझा महिना सरल्यावर, गेल्या सोमवारी त्या पहिल्यांदा आल्या. निळी साडी, गळ्यात ओळखपत्र. साडेनऊच्या सुमाराला आमच्या दाराची बेल वाजली. मी आत पेपर वाचत होतो. नलूने दार उघडलं.

"वहिनी, ओळखलंत?" सुमन वहिनींचा आवाज. "मी सुमन. गणपतची बायको. कुळथाचं पीठ आणलंय गावचं. म्हटलं, आधी तुम्हांला भेटावं, मग कामाला लागावं. यांना तुम्ही एवढं रोज..."

"कोण गणपत?" नलू म्हणाली.

तिने उद्धटपणे विचारलं नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी तिला आपली चाळ, गिरणी, तुझं नाव, काहीच कधी सांगितलं नव्हतं. दादरजवळ राहायचो, एवढंच.

मी उठून दारापर्यंत आलो. नलूच्या खांद्यावरून वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. दिवाणखाना, सोफा, गॅलरी, पलीकडे समुद्राची रेघ. त्या सगळं नीट बघत होत्या, तू सांगितलेलं एकेक जुळवत असाव्यात. आणि मग त्यांचं जुळलं. मला ते दिसलं. त्यांनी कुळथाची पिशवी नलूच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चुकून आले वाटतं." कामगारांच्या लिफ्टकडे वळल्या.

"ओळखीच्या आहेत का हो?" नलूने विचारलं.

"लालबागच्या आहेत," मी म्हणालो.

त्या रात्रभर मी ठरवत होतो, सकाळी खाली जायचं आणि सगळं सांगायचं. बोर्डावरची सूचना काढायची. दिघ्यांना मी विचारून बघितलं होतं म्हणा, तू गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ते म्हणाले, आता काढली तर आपली चूक झाली असं दिसेल, राहू दे. मी राहू दिली. ती अजून तिथेच आहे, काचेआड, माझ्या अक्षरात.

सकाळी मी खाली उतरलो. वहिनी लॉबी पुसत होत्या, बसून, हाताने. मी लिफ्टमधून बाहेर आलो तशा त्या बादली ओढून भिंतीला सरकल्या. मी थांबलो. "वहिनी," म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही.

"साहेब, जरा कडेने जा," त्या म्हणाल्या. "फरशी ओली आहे."

मी कडेने गेलो, गणा.